शिवलेली गाडी

आमच्या घरात जेवणाचे टेबल आहे, पण त्यावर जेवता येत नाही. गेले वर्षभर त्यावर एक रोलर कोस्टर उभा आहे. खरा नव्हे, खेळण्यातल्या जोडठोकळ्यांचा. पण खेळण्यातला म्हटले की माणसे जेवढा समजतात तेवढा लहानही नव्हे. मी टेबलाशी उभा राहिलो की त्याचा माथा माझ्या चष्म्यासमोर येतो. आम्ही दोघे ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतो आणि त्याच्याकडे बघत राहतो.

तो माझ्या बायकोने बांधला. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीनंतर ती वेळ कसा घालवणार याची मला काळजी होती. माझी तिला नव्हती, कारण मी वाचत बसणार हे तिला ठाऊक होते. मग एक दिवस तिचा धाकटा भाऊ ठोकळ्यांचा एक खोका घेऊन आला, ‘ताई, बघ जमतंय का’ म्हणाला, आणि माझी काळजी संपली. आता घरात चालताना पायाखाली ठोकळा येतो, तेवढेच.

मी स्वतः एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात होतो. फाटकी पुस्तके उसवायची, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, वेगळे करायचे, कडा सारख्या करायच्या, पुन्हा शिवून पुठ्ठा चढवायचा. शिवता शिवता वाचायचो, त्यामुळे वाचन अर्धवट राहायचे आणि शिवण बरी व्हायची. वरिष्ठ यातले पहिले म्हणत. दुसरे मी जोडले आहे.

तर रूळ बांधून झाले आणि एका संध्याकाळी, जेवता जेवता, ती म्हणाली, “गाडी तुम्ही करा.”

मला वाटले ती भावाशी बोलते आहे. तो समोरच बसला होता. त्याला घरात सगळे झटपट म्हणतात. कुठलेही काम सांगा, तो सांगून होण्याआधी करून मोकळा होतो. ते नंतर पुन्हा करावे लागते ही गोष्ट वेगळी. या घरात आजवर गाड्या त्यानेच केल्या होत्या.

“झटपट करेल ना,” मी म्हणालो.

“झटपटची गाडी नको मला. काड्यापेट्या पळताहेत असं वाटतं.”

“काड्यापेट्या तर काड्यापेट्या, ताई, पळतात तरी!” झटपट म्हणाला. “भाऊजींची गाडी आधी प्रस्तावना वाचेल, मग निघेल.”

मी हसलो, कारण मलाही तेच वाटत होते.

पण तिला नेमके काय हवे होते ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे सगळे उगाच वाटेल.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही एका करमणुकीच्या बागेत गेलो होतो. तिथे रोलर कोस्टर होता. ती बसली, मी बसलो नाही. मी खाली कठड्याला टेकून तिची पर्स धरून उभा होतो. तिला जागा मिळाली ती अगदी शेवटच्या डब्यात. उतरल्यावर तिचे केस उडाले होते, डोळे चमकत होते, आणि ती म्हणाली होती, “पुढचे सगळे खाली जाऊन ओरडत होते हो, आणि मी अजून वरच होते. एकदम शांत. सगळं दिसत होतं. आणि मग मी पण गेले.” तो वरचा एक क्षण तिने मला किती वेळा सांगितला असेल. मी प्रत्येक वेळी मान हलवली. मला काय कळणार? मी पर्स बघत होतो.

या टेबलावरचा कोस्टर तिने त्या एका क्षणासाठी बांधला होता. सगळ्यात उंच टेकडीवर रूळ वर जातो, माथ्यावरच वळतो आणि लगेच खाली कोसळतो. त्याचे माप तिने सात डब्यांच्या गाडीसाठी काढले होते. पहिला डबा खालच्या वळणात शिरला की सातवा बरोबर माथ्यावर असायला हवा. तीन डब्यांची गाडी असली तर ती सगळीच वर असते, नाहीतर सगळीच खाली. गाडी फिरते, पण ते होत नाही. झटपटच्या गाड्या तीन डब्यांच्या होत्या. त्यापुढे डबा लावला की त्याच माथ्यावर गाडी रूळ सोडायची.

आमच्या शहरात ठोकळेवाल्यांचे एक मंडळ आहे. वर्षातून एकदा एका सभागृहात सगळे आपापली कामे मांडतात आणि लोक बघायला येतात. या वर्षी ती पहिल्यांदाच मांडणार होती. तिथे तिला तो क्षण लोकांना दाखवायचा होता. आणि त्याची गाडी माझ्याकडे आली होती.

“जमलं नाही तर?” मी विचारले.

“तर झटपटची आहेच,” ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, पण तिने ताट उचलून आत नेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

माझी पहिली गाडी फार देखणी होती, हे मी आजही म्हणेन. संचात मिळणारा तयार डबा म्हणजे चाकांवरचा एक खोका. त्यातली फक्त चाके मी ठेवली आणि वरचा डबा नवा बांधला. गडद लाल, कडेला पिवळी रेघ, पुढच्या डब्याला निमुळते नाक. पुस्तकांच्या कडा ठोकून सारख्या करण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा डबेही मी असे बसवले की दोघांच्या मध्ये कागद सरकू नये. सपाट टेबलावर ती गाडी नव्या कोऱ्या पुस्तकासारखी दिसली. रुळावर चढवली आणि पहिल्याच वळणाला डब्यांचे कोपरे एकमेकांत रुतून बसले.

बायकोने वाकून बघितले. “अहो, ही गाडी नाही, फळी आहे.”

दुसऱ्या गाडीत मी डब्यांमध्ये फट ठेवली आणि आकडे लावले. वळण पार झाले. माथ्यावर मात्र पुढचा डबा खाली वाकला, मागचा वर राहिला, आकडा निसटला, आणि पुढचे डबे एकटेच धावत सुटले.

“दुसरा खंड मागे राहिला, भाऊजी,” झटपट म्हणाला.

तिसऱ्या गाडीत मी गोल सांधे वापरले, खांद्याच्या हाडासारखे, कुठेही फिरणारे. ते इतके फिरले की डबे चढावर बाजूला कलंडायला लागले. चौथ्या गाडीबद्दल मी लिहीत नाही.

मग मी माझ्या स्वभावाला धरून ग्रंथालयात गेलो आणि रेल्वेवरची जाड पुस्तके घेऊन आलो. बायकोने ती बघितली आणि सोफ्यावरची माझी जागा मोकळी करून दिली. ती रागावली असती तर बरे झाले असते. पुस्तकांतून मला पूल कसे बांधतात आणि बोगदे कसे खोदतात ते कळले. माथ्यावरच्या वळणाबद्दल त्यात काही नव्हते. पण त्यातल्या एका पुस्तकाची शिवण सुटली होती. ते तसेच परत करणे माझ्या हातून होणे शक्य नव्हते. मी ते उसवले, फर्मे सारखे केले, पुन्हा शिवले, आणि पुठ्ठा चढवण्याआधी सवयीप्रमाणे नुसते शिवलेले पुस्तक मनगटावर पालथे टाकून पाहिले.

फर्मे पंख्यासारखे उघडले. पाठ मनगटावरून वाकली. मी हात तिरका केला तर ती तिरकीही झाली. एकही फर्मा दुसऱ्याला घासला नाही आणि एकही सुटला नाही. किती वर्षे मी हे बघत आलो होतो, आणि प्रत्येक वेळी फक्त शिवण बरी झाली की नाही एवढेच बघितले होते.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

“दोरा चालतो का?” मी विचारले.

“कशाला?”

“गाडीला. मंडळात.”

तिने हात पुसले. मंडळाचा एकच मोठा नियम आहे आणि तो तिला तोंडपाठ होता. “कापायचं नाही, चिकटवायचं नाही, बाहेरचं काही लावायचं नाही. पण क्रेनच्या संचात आकड्याला दोरा येतो, तो आपलाच. तो चालेल.” मग तिने माझ्याकडे नीट बघितले. “अहो, तुम्ही गाडी शिवणार आहात?”

“बघतो,” मी म्हणालो. मला ‘हो’ म्हणवले नाही.

तिने खणातून पांढऱ्या दोऱ्याचे एक वेटोळे काढून दिले. मी माझी जुनी पेटी उघडली, दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला, सुईत ओवला आणि बसलो. डब्याच्या तळपट्टीला भोके असतातच. एका डब्याच्या तळातून दोरा बाहेर, चाकांच्या आसाजवळून पुढे, शेजारच्या डब्याच्या तळात आत, तिथून मागे वळून आधीच्या टाक्यात अडकवायचा, मग पुढचा डबा. फर्मे शिवतात तसेच, फक्त फर्मे लाल होते आणि त्यांना चाके होती. शेवटच्या डब्यात मी एक छोटी बाई बसवली, त्या संचात मिळतात तसली, अंगठ्याएवढी. केस उडालेली मिळाली नाही.

बायकोने गाडी हातात घेऊन वर-खाली, डावी-उजवी वाकवून पाहिली. मग शेवटचा डबा बघितला.

“शेजारची जागा मोकळी का?”

“त्या दिवशी तुझ्या शेजारी कोणी नव्हतं ना.”

“नव्हतं. तुम्ही खाली पर्स घेऊन होता.” ती हसली, पण गाडी खाली ठेवताना त्या बाईला तिने बोटाने जरा नीट बसवले.

चढावरच्या साखळीने गाडी वर नेली. माथा आला. पहिला डबा वाकला, वळला, पडला, त्याच्यामागे दुसरा, आणि सगळी गाडी त्या वळणावरून एखादी लांब ओळ वाचावी तशी उतरली. पहिला डबा खालच्या वळणात शिरला तेव्हा सातवा माथ्यावर होता. बायको खुर्चीत बसली. मग ती म्हणाली, “पुन्हा सोडा.”

त्या रात्री मी समाधानाने झोपलो, असे लिहायला हवे. खरे म्हणजे झोपण्यापूर्वी मला वाटले की हे घरातच राहिले असते तर किती बरे होते.

सभागृह मोठे होते, एका बाजूला छतापर्यंत खिडक्या. आमचे टेबल खिडकीपाशी आले. झटपटने सगळे सामान एकट्याने आत आणले, त्यात एका खांबाचा तुकडा पडला, तो त्यानेच जागेवर बसवला, उलटा. बायकोने तो सुलटा केला. दाराजवळ ठोकळ्यांची एक उंच पिवळी क्रेन उभी होती, तिच्या आकड्याला एक छोटा ट्रक टांगलेला. ती नियमकाकांची. हे मंडळातले सर्वांत जुने सभासद. सकाळी ते हातात भिंग घेऊन प्रत्येक टेबलापाशी येतात आणि कोणी काही कापले किंवा चिकटवले आहे का ते बघतात. त्यांचे खरे नाव कोणी विचारत नाही.

आमच्या गाडीवर ते बराच वेळ थांबले.

“हा दोरा?”

“क्रेनच्या संचातला,” मी म्हणालो. माझा आवाज उगाचच बारीक झाला.

“अखंड?”

“अखंड.”

“गाठ चालेल. कापला असता तर चालला नसता.” त्यांनी भिंग खिशात टाकले. “अशी गाडी पाहिली नव्हती मी.” हे कौतुक होते की तक्रार, ते मला अजून कळलेले नाही.

सकाळभर गाडी छान चालली. माणसे येत, गाडी वर जाताना बघत, आणि ती पडली की त्यांच्या तोंडून ‘ओहो’ निघायचे. बायको प्रत्येकाला सांगायची, “पहिल्याकडे नाही, शेवटच्या डब्याकडे बघा.” मी जरा मागे, भिंतीला टेकून होतो. झटपट सगळीकडे फिरून येत होता आणि दर वेळी आपल्या कोटाच्या खिशावर थाप मारत होता. त्यात त्याची तीन डब्यांची गाडी होती.

“काळजी नको, भाऊजी. विमा उतरवलाय.”

दुपारी मंडळाची फेरी असते. सगळे सभासद आणि आलेले लोक मिळून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात आणि प्रत्येकजण आपले काम सगळ्यांसमोर एकदा चालवून दाखवतो. आमचा नंबर जवळजवळ शेवटी होता. तोपर्यंत सूर्य फिरला आणि खिडकीतून ऊन थेट टेबलावर आले. मला ते बरे वाटले. गाडीचा लाल रंग उन्हात उठून दिसत होता.

फेरी तीन-चार टेबले दूर असताना बायकोने सहज म्हणून गाडी सोडली. ती माथ्यावरून उतरली, पण जरा जडपणे. पुढच्या लहान टेकडीवर अर्ध्यात थांबली, मागे आली, पुन्हा थोडी चढली, आणि खळग्यात पाळण्यासारखी झुलून उभी राहिली.

बायकोने ती उचलून पुन्हा साखळीवर ठेवली. या वेळी ती त्या टेकडीपर्यंतसुद्धा गेली नाही.

मी भिंतीपासून हललो नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य होते, ते म्हणजे ‘वाटलेच होते’.

झटपट माझ्याजवळ आला. या वेळी त्याने खिशावर थाप मारली नाही. हळूच म्हणाला, “भाऊजी, काढू का?”

“काढ बाबा,” मी म्हणालो.

“थांब,” बायको म्हणाली. तिची पाठ आमच्याकडे होती, पण शाळेत शिकवलेल्या माणसाला मागचे ऐकू येते. “अहो, इकडे या. ही सकाळी चालत होती. आता काय झालं ते सांगा आधी.”

“मला काय...”

“गाडी कोणी केली?”

मी गेलो. गाडी हातात घेतली, चाक फिरवले. चाक फिरले, पण मधात बुडाल्यासारखे. बोटाला काहीतरी लागले. मी बोट नाकापाशी नेले आणि मला माझी ग्रंथालयातली खोली आठवली, तिथला उन्हाळा, खिडकीतली मेणाची वडी.

“मेण,” मी म्हणालो.

“कसलं मेण?”

“दोऱ्याला लावलं मी. लावतात. म्हणजे पुस्तकाला लावतात.” मी दोरा मेणावरून ओढल्याशिवाय सुईत कधी ओवलाच नव्हता, आपण लावतो आहोत हेसुद्धा माझ्या लक्षात आले नव्हते. “दोरा आसाजवळून जातो. उन्हानं मेण पातळ झालं, चाकाला लागलं. चाकानं रुळाला लावलं.”

“मेण?” मागून आवाज आला. नियमकाका. फेरीच्या पुढे ते एकटेच येऊन पोचले होते. “मेण बाहेरचं आहे.”

“हो,” मी म्हणालो.

“माझ्या भिंगात दिसलं कसं नाही?” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला.

बायकोने त्यांच्याकडे बघितलेही नाही. “कोरा दोरा मिळाला तर?” तिने मला विचारले.

“तर चाकं पुसून पुन्हा शिवता येईल. पण इथं...”

“मग कुठं?”

“इतक्या लोकांत?”

“लोक तुम्हाला नाही बघत, गाडी बघतात.”

हे खरे नव्हते, आणि ते तिलाही माहीत होते. मी चार माणसांत चहाचा कप धरला तरी तो बशीवर वाजत राहतो. माझे उत्तर तयार होते. झटपटची गाडी सोडा, कोस्टर तर चालेल, लोकांना फरकही कळणार नाही. पण ते बोलायला मी तिच्याकडे बघितले, आणि ती माझ्याकडे नाही, माथ्याकडे बघत होती. जिथे काहीच नव्हते, तिथे.

“सुई आहे माझ्याकडे,” मी म्हणालो. कोटाच्या कॉलरखाली एक सुई मी कायम टोचून ठेवतो. त्याचे कारण विचारू नका.

“दोरा,” बायको म्हणाली.

तेव्हा नियमकाका वळले आणि दाराकडे गेले. त्यांनी क्रेनचा ट्रक उतरवला, आकडा सोडवून खिशात टाकला, आणि हँडल फिरवत सगळा दोरा बाहेर काढला. तो फार लांब होता. त्यांची क्रेन उंचच तेवढी. तो बोटांवर गुंडाळून ते परत आले आणि माझ्यासमोर ठेवला.

“अखंड आहे,” ते म्हणाले. “अखंडच राहू द्या. कापायचा नाही.”

“पण काका, हा पुरून उरेल,” झटपट म्हणाला.

“उरो. कापायचा नाही.”

मी खुर्चीत बसलो. जुनी शिवण उसवली. झटपटने चाके एकेक करून रुमालाने कोरडी पुसली, आणि मी सांगितले तेव्हा सात डबे दोन तळहातांत ओळीने धरून बसला. त्याला मी म्हणालो, “हलू नकोस.” तो हलला नाही. त्याला ओळखतो तेव्हापासून तो इतका वेळ स्थिर राहिल्याचे मला आठवत नाही. बायको रूळ पुसत होती, माथ्यापासून सुरुवात करून.

फेरी आमच्यापाशी येऊन थांबली. मला ते पायांवरून कळले. टेबलाच्या तिन्ही बाजूंना बूट आणि चपला गोळा झाल्या. कोणीतरी विचारले, “काय चाललंय?”

“गाडी शिवायला टाकली आहे,” बायको म्हणाली. “जरा थांबा, मोठा घेर आहे.”

लोक हसले. माझे कान तापले. पहिल्या डब्यात सुई घालताना ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा गेली. मग दुसरा डबा, मागे वळून अडकवणे, तिसरा. दोरा कोरा होता, मेणाशिवाय बोटांना तो परका वाटत होता, जरा खरखरीत, जरा सैल. मी त्याच्याकडे लक्ष द्यायला लागलो. कुठे ओढायचा, कुठे नुसता ठेवायचा. पाचव्या डब्यापाशी मी मान वर केली तेव्हा मला समोर बूट आहेत याचे आश्चर्य वाटले. मी त्यांना विसरलो होतो.

सातवा झाला. दोरा उरला होता. मी परत उलट शिवत पहिल्या डब्यापर्यंत गेलो, दुहेरी, आणि पुन्हा सातव्यापर्यंत आलो. तरी उरला. कापायचा नव्हता. मी तो बोटावर गुंडाळला, एक छोटा गुंडा झाला, आणि तो कुठे ठेवावा ते सुचेना म्हणून शेवटच्या डब्यात, त्या बाईच्या शेजारच्या मोकळ्या जागेत बसवला. नीट बसला. जागा तेवढीच होती.

झटपटने हात मोकळे केले. “हाताला मुंग्या आल्या, भाऊजी. पुस्तक लिहिणं यापेक्षा सोपं असेल.”

बायकोने गाडी साखळीवर ठेवली. मी भिंतीकडे जायला निघालो, तर तिने माझी बाही धरली.

“इकडे उभे राहा. इथून नाही, वाका. शेवटच्या डब्याच्या मागून बघा.”

“अगं, लोक...”

“वाका.”

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. डोळे माथ्याच्या जरा खाली, रुळाच्या रेषेत आले. साखळी कटकट वाजू लागली. गाडी वर चढत होती आणि मला फक्त शेवटचा डबा दिसत होता, त्यातली बाई आणि तिच्या शेजारचा पांढरा गुंडा. त्यांच्यापुढे एकामागून एक डबे माथ्यावर जाऊन नाहीसे होत होते. पहिला गेला. दुसरा गेला. कोरा दोरा जरा सैल होता, त्यामुळे प्रत्येक डबा जाण्याआधी थोडासा रेंगाळायचा, मान वळवून मागे बघितल्यासारखा. घरच्या गाडीत हे नव्हते. पुढचे डबे खाली कोसळले, त्यांचा आवाज खालून आला, लोकही ‘ओहो’ म्हणाले, आणि शेवटचा डबा अजून वरच होता. अगदी शांत. त्या दोघांच्या पलीकडे सगळे सभागृह दिसत होते, दोऱ्यावाचून उभी असलेली पिवळी क्रेन, उंच खिडक्या, ऊन, माणसांचे चेहरे. ते सगळे तिकडेच बघत होते.

मी टेबलाची कड घट्ट धरली. आणि मग डबा गेला.

गाडी खालच्या वळणातून निघाली, लहान टेकडीवर चढली, उतरली, आणि पूर्ण फेरी करून साखळीपाशी येऊन थांबली. टाळ्या वाजल्या. बहुतेक आमच्यासाठीच असाव्यात.

एक म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली आणि चष्मा वर करून शेवटच्या डब्यात डोकावली.

“ही बाई कळली. पण तिच्या शेजारी गुंडाळून कोण बसलंय?”

“आमचे हे,” बायको म्हणाली. “पहिल्यांदाच बसलेत.”

सगळे हसले, झटपट सर्वांत मोठ्याने. मी वाकलेलाच होतो. पाठ धरली होती, हे एक कारण. नियमकाकांनी भिंग काढून शिवण पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, आणि मी दोरा संध्याकाळी उसवून परत देतो म्हणालो तर त्यांनी मान हलवली.

“राहू द्या. आकड्यावाचून काही अडत नाही, ट्रक जमिनीवरही उभा राहतो.”

झटपटने खिशातली आपली गाडी काढून बघितली, पुन्हा खिशात टाकली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. “भाऊजी, तो मागे वळून अडकवायचा टाका. तो एकदा दाखवा. हळू.”

बायकोने शेवटच्या डब्यातल्या बाईला बोटाने जरा डावीकडे सरकवले, गुंड्याला थोडी जास्त जागा दिली, आणि मला न विचारता गाडी पुन्हा वर सोडली.